माणक्या-पाखऱ्याचा फोटो

१८ फेब्रुवारी २०१३, सोमवार

मी मेलेली आहे! घरात पाऊल टाकलं आणि समोर भिंतीवर मीच. नन होतानाच्या पहिल्या शपथविधीचा फोटो, पांढरा झगा, फुगलेले गाल. त्याला चंदनाचा हार! खाली कोनाड्यात मेणबत्तीचं मेण साचलेलं. म्हणजे अधूनमधून माझ्यासाठी प्रार्थनाही होत असणार. बरं वाटलं म्हणू की काय म्हणू!

शहादेव खाली बघायला लागला. एवढा थोराड गडी, गुरांच्या चारा-छावणीचा मुकादम, पण माझ्यापुढं अजून तसाच धाकटा भाऊ. "आक्का, तुमचं मिशन जाळलं म्हून फादर सांगत आले. दोन सिस्टर गेल्या म्हनले. नावं कुनाला म्हाईत? पुढं किती दिस काई पत्ता न्हाई. आमी काय समजायचं?"

ते ठीक. पण मी जिवंत आहे हे कळल्यालाही आता बरेच महिने झाले. फोनवर बोललो, भांडलोसुद्धा. तरी हार तिथंच! केसर म्हणाली, "घातलेला हार काढत न्हाईत, वन्सं. काढला की दुसरं मानूस मागतो त्यो."

दर रविवारी प्रार्थनेला जाणारी माझी भावजय! तिच्या डोळ्यांदेखत ओढून काढला मी तो. तिनं उचलला, फडक्यात गुंडाळला आणि पेटीत ठेवला. ठेव बाई. फोटो मात्र राहू दे म्हटलं, गालांसाठी.

सुट्टी तीन महिने. मदर म्हणाल्या, विश्रांती घे, आणि फोटो ने बरोबर; आपल्या लोकांना दाखव, दक्षिण सुदानात आपण काय करतो ते कळू दे. अल्बम आणलाय. कॅमेराही.

१९ फेब्रुवारी

विश्रांती म्हणे!

सकाळी टँकर आला. विहिरीत ओततात. ओतायला सुरुवात झाली की सगळे पोहरे एकदम आत, दोरात दोर, कोपरात कोपर. कुणीतरी कुणाला ढकललं आणि वच्छलाबाईच्या कपाळावर भरलेला हंडा बसला. कशी हाणली तिनं पण! रक्त डोळ्यात उतरलेलं, तशीच त्या दुसरीच्या झिंज्या धरून तिचं तोंड विहिरीच्या काठावर आपटलं. दात पडला. बाकीच्या बायका पाणी ओढतच होत्या.

वच्छलाबाईला ओट्यावर बसवून टाके घातले. भूल कुठली. तिनं हूं की चूं केलं नाही, कारण सगळा वेळ तिची नजर स्वतःच्या घागरीवर, कुणी ओतून घेतं की काय म्हणून.

तिकडं भाल्याच्या जखमा शिवत होते, इथं हंड्याच्या. सुई तीच.

२२ फेब्रुवारी

शहादेवनं छावणी दाखवली. गावाच्या खालच्या अंगाला, तेलगावच्या रस्त्याला लागून. दूध संस्थेची छावणी, म्हणजे चेअरमन विठ्ठलरावांची. इथं काहीही कुणाचंही असलं तरी शेवटी विठ्ठलरावांचंच असतं. काठ्या, वर शेडनेट, खाली दावणीच्या दावणी. प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला. बायकापोरं घरी, पुरुष इथं गुरांपाशी बाजा टाकून. शेण, मूत, उसाचं वाढं — माझ्या नाकाला एकदम घरी आल्यासारखं झालं. म्हणजे तिकडच्या घरी. तिकडची माणसंही अशीच गुरांच्या छावणीत राहतात, गुरांच्या कुशीत झोपतात.

वाढं घेऊन जमीलचा टेम्पो येतो. तेलगावात त्याचं गॅरेज आहे, पाणी नाही म्हणून कुणी ट्रॅक्टर दुरुस्त करत नाही, म्हणून टेम्पो. शहादेवच्या खांद्यावर हात टाकून उभा असतो. "सिस्टर, तुमचा भाऊ लई खडूस हाय, पन चहा पाजतो!"

हरिबाही भेटला. बाबांच्या वयाचा वाटायचा लहानपणी, अजून तसाच आहे. बायको नाही, मुलगी उमापूरला दिली. दोन लालकंधारी बैल आहेत, माणक्या आणि पाखऱ्या. बैल असे की उभ्या दुष्काळात अंगावर तकाकी. स्वतः वाळून काडी झालाय. "छबे, तुमच्या आफ्रिकेत असा बैल दाखव," म्हणाला. "दाखवते," म्हटलं.

३ मार्च, रविवार

संध्याकाळी अल्बम नेला छावणीत. हरिबाच्या बाजेभोवती हीऽ गर्दी. मदरनी बघायला हवं होतं!

पहिला फोटो आमचं चर्च. पुढं गेला. दवाखाना. पुढं गेला. मग गुरांचा फोटो आला आणि हात थांबले. त्या लांब, वर गेलेल्या शिंगांच्या पांढऱ्या गाई!

"आगागा! शिंगं हायेत का कमान हाय?"

"दूध किती देती?"

"लई थोडं," म्हटलं.

"मग कावून ठिवत्यात?"

"लग्नात द्यायला. मुलीच्या बापाला."

"म्हंजी तितं नवऱ्याचा बाप मरतो!" असा हशा पिकला की बैल दचकले.

हरिबानं एकेक फोटो डोळ्यांजवळ धरला. चर्चच्या अंगणातल्या फोटोतही मागं उभं वासरू त्यानं हुडकलं. पुढं बसलेले बिशप त्याला दिसलेच नाहीत. कोण किती दाती, कुणाचा खूर वाढलाय, सगळं सांगितलं. माणसं दिसतच नाहीत या लोकांना! चिडले मी, पण हसूही आलं.

एकट्या जमीलनं विचारलं, "सिस्टर, ये बाई कोन हाय?"

अडुत. पाणी भरायची आमच्याकडं. म्हटलं, "ती गेली." तो म्हणाला, "इन्ना लिल्लाही," आणि फोटो दोन्ही हातांनी परत दिला.

कशी गेली ते इथं लिहिते, तिथं सांगितलं नाही. शेजारच्या टोळीनं गुरं पळवायला पहाटे धाड घातली. अडुतनं तिच्या कालवडीचं दावं हातातून सोडलं नाही. म्हणून हातावर पातं मारलं. तरी सोडलं नाही. मग मानेवर. मी आत बाळंतपण करत होते, बाळाचं डोकं बाहेर आलेलं. बाळ वाचलं.

पुढं आमच्या माणसांनी त्या टोळीतल्या दोघांना पकडलं. त्याचा फोटो कुणीतरी काढला होता. पोरं बंदुका घेऊन ओळीनं उभी, पायाशी ते दोघं, आणि पोरं हसताहेत. तो फोटो मी पाकिटात घालून बॅगेच्या तळाशी ठेवलाय. अल्बममधला त्याचा कप्पा रिकामा आहे.

निघताना हरिबा म्हणाला, "आता माझ्या जोडीचा फोटू काड. तुझ्या त्या काळ्या लोकास्नी दाव म्हनावं, बैल कसा असतो!" काढीन म्हटलं.

४ मार्च

शहादेवनं एकाला आसुडानं फोडला. वाढ्याची जास्तीची पेंढी उचलली म्हणून. गडी पळत होता आणि हा मागून मारत होता, पाठीवर, पायावर. बाकीचे बसून बघत होते. मी ओरडले तर म्हणाला, "आक्का, तुमचं मिशन हितं आनू नका. एकाला सोडला की उद्या सगळे उचलत्यात. मग विठ्ठलराव मला उचलत्यात."

पाठीला हळद लावली त्या गड्याच्या. "मुकादम वंगाळ न्हाई, सिस्टर," तो म्हणाला. "त्याचाबी पोटाचा सवाल हाय."

११ मार्च

टँकर नाही. कालही नव्हता. दोन गल्ल्यांत दगडफेक. लक्ष्मीआईच्या ओट्यामागं एक म्हातारी खाली बसून राहिली होती, मांडीत दगड गोळा केलेले. फेकायचं वय राहिलं नाही, म्हणून नातवंडांना एकेक देत होती!

माझा राग कसा आवरू, प्रभू. मला त्या म्हातारीच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

२५ मार्च, सोमवार

हरिबा मुलीकडं उमापूरला गेलाय. सकाळी छावणीत गेले तर जमीलचा टेम्पो मागच्या अंगाला लावलेला आणि शहादेव त्यात जनावरं चढवतोय. सगळ्यात पुढं माणक्या आणि पाखऱ्या!

"कुठं नेता?"

"घाटाखालच्या छावनीत. तितं तपासनी हाय. तितली मुंडकी कमी हायेत. परवा-तेरवा परत."

तिकडची छावणी विठ्ठलरावांच्या मेव्हण्याची. जेवढी मुंडकी, तेवढं अनुदान. इथली जनावरं तिथं नेऊन उभी करायची, साहेब बघून गेले की परत आणायची. मागच्या महिन्यात तिथली इथं आली होती म्हणे. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. "जनावराला चाराच खायचा हाय आक्का, हितला काय अन् तितला काय!" आणि माणक्या-पाखऱ्या का? तर असे देखणे बैल पुढं उभे असले की साहेब मागचं मोजत नाहीत!

मला हसू आलं. खरंच हसले. आणि वर हरिबाला कबूल केलेला फोटो काढायला बरी संधी म्हणून कॅमेरा काढला. बैल टेम्पोच्या फळीवर चढताना, उन्हात लालभडक. दावं शहादेवच्या हातात. जमीलचा हात त्याच्या खांद्यावर. दोघं दात काढून हसताहेत.

फार सुंदर आलाय. शहादेव लहानपणानंतर असा हसलेला मी पाहिला नव्हता.

२७ मार्च

तेलगावला गेले होते, फोटोची प्रत काढून आणली. हरिबाला द्यायची म्हणून अल्बमच्या रिकाम्या कप्प्यात घातली.

आल्यावर कळलं, हरिबा ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच परत आलाय. दावण रिकामी. छाती बडवून घेतली म्हणे त्यानं. धुळीत लोळला. आणि शहादेवनं त्याला काय सांगितलं? "दावं कापून नेलं असंल कुनीतरी."

मी त्याला घराच्या मागं ओढत नेलं. का रे खोटं बोललास? तर म्हणे, साहेब अजून घाटाखालीच आहेत, चार माणसांत बोललं की त्यांच्या कानावर जाणार, विठ्ठलरावांनी तोंड बंद ठेव म्हणून सांगितलंय. "येतेतच की आक्का बैल दोन दिसात! मग सापडले म्हनू. हरिबा उलट पेढे वाटील."

त्याच्या तोंडून ऐकताना सोपं वाटलं. मी हरिबाकडं गेले नाही.

२८ मार्च

छावणीतली माणसं रस्त्यावर बसलीयत, काठ्या घेऊन. चोर कोण यावर दिवसभर खल. खाटकाकडं गेले असतील, अमुक लोकांचंच काम आहे, त्यांचीच गाडी असते रोज — असं एकेक पाऊल. मी शहादेवला म्हटलं, आत्ताच्या आत्ता सांग. "उद्या," म्हणाला.

जमीलला तरी फोन कर म्हटलं, इथलं वातावरण तापलंय, आत्ता येऊ नको म्हणावं. "लागत न्हाई फोन त्याचा. तितं रेंज न्हाई."

३० मार्च

कालचं आज लिहिते. सरकारी दवाखान्याच्या पायरीवर बसून. झग्यावरचं वाळलंय.

गुड फ्रायडेची उपासना संपवून येत होते. क्रूसाच्या वाटेची सगळी ठिकाणं झाली होती, पोटात अन्न नाही. रस्त्याला लागले तर छावणीपुढं टेम्पो आडवा, काचा फुटलेल्या. वर माणक्या-पाखऱ्या हंबरत होते. खाली जमील.

तो बैल परत आणत होता. परत! चोर कधी बैल आणून देतो का? पण कुणाला सुचावं ते. बैल टेम्पोत दिसले, टेम्पो जमीलचा — झालं. काठ्या, चपला, ट्रॅक्टरची साखळी. त्याचं नाव माहीत असलेली माणसं त्याला नावानं हाक मारत नव्हती, जातीनं मारत होती. ज्यांच्याबरोबर तो रोज चहा प्यायचा, ती माणसं. हरिबानंही मारलं. वाळक्या हातानं, रडत रडत.

आणि मग जमीलला शहादेव दिसला. त्याचा चेहरा उजळला, मी पाहिलं! रक्तानं भरलेल्या तोंडानं हसला तो. आता सुटलो असं वाटलं असणार. "शहादेवभाई," म्हणाला, "सांगा ना यांना, तुमीच तर—"

शहादेवच्या हातात जुवाची शिवळ होती, बैलाच्या मानेशी घालायची ती हातभर खुंटी. ती त्यानं जमीलच्या तोंडावर मारली. पुढचा शब्द निघायच्या आत. मग परत. मग परत. गर्दी मागं सरली, कारण एवढ्या जोरानं कुणीच मारत नव्हतं. सगळ्यात पुढं माझा भाऊ.

मी जमीलवर पडले. एक शिवळ माझ्या खांद्यावर बसली. मी शहादेवच्या मनगटाला चावले. दातांनी, कुत्र्यासारखी, रक्त येईपर्यंत. ओरडले, "यानंच चढवले बैल! मी पाहिलंय!" गोंगाटात कोण ऐकतो. पोरं मोबाईल वर धरून फोटो काढत होती, एकमेकांना सरक म्हणत होती. जमील हलायचा थांबला, तेव्हा मारही थांबला. आणि मग सगळ्यांना एकदम आपापल्या गुरांना पाणी पाजायचं आठवलं.

उचलायला कुणी नाही. शेवटी हरिबानं पाय धरले, मी डोकं धरलं. टेम्पो मी चालवला. तिकडच्या चिखलात जीप चालवलीय इतकी वर्षं, हा काय! काचा नाहीत, वारा तोंडावर, शेजारी जमीलचं डोकं माझ्या मांडीवर आणि मागं ते दोन बैल. उतरवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. दवाखान्याच्या दारापर्यंत हंबरत आले.

जबडा तीन ठिकाणी मोडलाय. डोक्यात रक्त साकळलंय. शुद्ध नाही. त्याची बायको सईदा आली, हातातलं पीठ तसंच. मला म्हणाली, "सिस्टर, वो तो बोले थे शहादेवभाई का काम है, दो-तीन दिन में आता." एवढंच. मग माझा सुजलेला खांदा बघून पदर ओला करून आणला आणि त्यावर ठेवला. मी कुणाची बहीण आहे ते तिला ठाऊक आहे.

३१ मार्च, ईस्टर

उठला नाही.

३ एप्रिल

जमीलवर गुरंचोरीची तक्रार! बेशुद्ध माणसावर! विठ्ठलरावांच्या माणसानं लिहिली, हरिबाचा अंगठा घेतला. मारणारे मात्र 'अज्ञात जमाव'. हवालदाराला मी सगळं सांगितलं. बैल कुणी चढवले, कुणी पाठवले. तो म्हणाला, "सिस्टर, तुमी उपाशी हुता, गर्दी हुती. पुरावा काई हाय का?" माझ्या तोंडून 'आहे' निघालं नाही.

घरी आले तर विठ्ठलराव बाजेवर. पांढरं स्वच्छ धोतर, आवाज तुपासारखा. "फोटो काढलाय म्हनं तुमी. त्यात मी हाय का, सिस्टर? न्हाई. तुमचा भाऊ हाय. मग आत कोन जाईल?" उठताना भिंतीवरच्या माझ्या फोटोकडं बघून म्हणाले, "लई भोळा चेहरा हाय."

ते गेल्यावर शहादेव आला. मनगटाला फडकं. फोटो दे, म्हणाला. नाही म्हटलं. त्यानं मला मारलं. पहिली थोबाडीत, दुसरी कुठं ते कळलं नाही. गळा धरला. त्याच्या तोंडाला दारूचा वास नव्हता, हे मुद्दाम लिहून ठेवते. मग कॅमेरा पाट्यावर ठेवला आणि वरवंट्यानं ठेचला. ठेचता ठेचता हुंदके देत होता. "तो बोलला असता आक्का! सगळ्यांच्या देखत बोलला असता! मग मला मारलं असतं त्यांनी!"

केसर दारात. "तुमी हार काडला तवाच मी म्हनले हुते," म्हणाली.

अल्बममधली प्रत त्याला ठाऊक नाही.

४ एप्रिल

पोरांच्या मोबाईलवर तो फोटो फिरतोय. शेजारच्या पोरानं मोठ्या कौतुकानं दाखवला. ओळीनं उभे, काठ्या खांद्यावर, पायाशी जमील. मधोमध शहादेव.

बॅगेच्या तळाचं पाकीट काढलं आणि शेजारी धरलं. कपडे वेगळे. बाकी काही वेगळं नाही.

५ एप्रिल

काय करू?

फोटो ठाण्यात दिला तर जमील सुटतो आणि शहादेव आत जातो. आत म्हणजे वर्षानुवर्षं. केसरचं कोण मग? नाही दिला तर जमील शुद्धीवर येईल तो चोर म्हणून. बेड्या लावतील त्याला खाटेला. सईदाला गॅरेजही उघडू देणार नाहीत, तेलगावात लोक आत्ताच तिच्याकडं पाठ करतात.

राग एवढा आहे की प्रार्थनेचे शब्द दातांत अडकतात. शहादेवचा गळा मलाही धरावासा वाटतो. आणि हाच शहादेव, मी मेले असं कळलं तेव्हा महिनाभर धड जेवला नव्हता, केसर सांगते.

६ एप्रिल, शनिवार

सुचलं! इतका वेळ कसं सुचलं नाही?

तक्रार हरिबाची आहे. बैलही त्याचे. त्यानं ठाण्यात जाऊन नुसतं म्हणावं, माझे बैल चोरीला गेले नव्हते. संपलं! जमीलवरचा डाग जातो. शहादेवचं नाव कुणी घ्यायची गरज नाही. मारहाणीचं पुढं देव बघेल.

दुपारी छावणीत गेले. शहादेव वाढं आणायला गेला होता, ते बरंच झालं. हरिबा बैलांपाशी बसलेला. त्या दिवसापासून बोलत नाही कुणाशी. मी शेजारी बसले, फोटो हातात दिला. "घे, तुझ्या जोडीचा."

त्यानं डोळ्यांजवळ धरला. आधी माणक्या. मग पाखऱ्या. पाखऱ्याच्या मागच्या खुरावर बोट ठेवलं. चेहरा सैल झाला त्याचा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी वाट बघत राहिले. मग बोट सरकलं. बैलाच्या वेसणीवर. वेसणीवरून दाव्यावर. दाव्यावरून हातावर. आजवर इतके फोटो दाखवले या माणसाला, जनावर सोडून माणसाकडं त्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

"ह्यो कवाचा फोटू?"

"तू उमापूरला होतास तेव्हाचा." मग सगळं सांगितलं. घाटाखालची छावणी, तपासणी, मुंडकी. शहादेव घाबरला होता हेही सांगितलं, विठ्ठलरावांचंच हे काम हेही.

तो फोटोकडंच बघत होता. "हासतोय की," म्हणाला.

फोटोची कड अंगठ्यानं पुसली. "दोन हानल्या मी त्या पोराला. छातीवर."

"म्हणूनच म्हणते. ठाण्यात जा. बैल चोरीचे नव्हते एवढंच सांग."

"सांगतो," म्हणाला. माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा. फोटो मुंडाशात खोचला. जायला उठले तेव्हा तो बैलांना पाणी दाखवत होता. शांत होता अगदी.

देवा, तुझे आभार. किती दिवसांनी भूक लागली! केसरनं पिठलं केलं, दोन भाकरी खाल्ल्या. शहादेवही जेवायला बसला, माझ्याकडं न बघता. मी त्याच्या ताटात तेल वाढलं. मनगटावरचे माझे दात अजून दिसतात. उद्या त्याला सांगेन, सुटलास म्हणून.

१० एप्रिल

हरिबानं दोन्ही सांगितलं. ठाण्यात कुऱ्हाड टेबलावर ठेवली आणि म्हणाला, मुकादमाला मी तोडला, आणि माझे बैल चोरीला गेले नव्हते. जमीलवरची तक्रार निकाली निघाली. मला हवं होतं तसंच.

शहादेवचा एकट्याचा फोटो घरात एकही निघाला नाही. केसर स्वतः तेलगावला गेली. स्टुडिओवाल्याकडं तो बैलांचा फोटो कॉम्प्युटरवर होता, त्यातूनच शहादेव वेगळा करून मोठा करून आणला. बैल नाहीत, टेम्पो नाही. दावं नाही. दात काढून हसतोय. खांद्यावर मात्र जमीलची चार बोटं राहिलीत, ती स्टुडिओवाल्याला काढता आली नाहीत.

केसरनं पेटीतून हार काढला आणि माझ्या हातात दिला. मी तो फोटोला त्या बोटांवरून घातला.